हा नेमका कोणता फ्रेडरिक? जर्मन राजांची एकसारखी नावं उलगडण्याची रीत

युरोपच्या इतिहासावरच्या पुस्तकात ‘फ्रेडरिक तिसरा’ एवढंच लिहिलेलं सापडलं, तर तो किमान सात जणांपैकी कोणीही असू शकतो. १४५२ साली रोमला जाऊन पोपच्या हातून मुकुट घेणारा हाब्सबुर्ग घराण्याचा सम्राट. मार्टिन ल्यूथरला वार्टबुर्गच्या किल्ल्यात दडवून ठेवणारा सॅक्सनीचा इलेक्टर (म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता). ज्याच्या आज्ञेवरून १५६३ मध्ये प्रोटेस्टंटांची प्रसिद्ध ‘हायडलबर्ग प्रश्नोत्तरी’ तयार झाली, तो पॅलाटिनेटचा इलेक्टर. १६४८ ते १६७० या काळातला डेन्मार्कचा राजा. १६८८ साली ब्रांडेनबुर्गच्या गादीवर आलेला इलेक्टर. १८८८ मध्ये जेमतेम ९९ दिवस राज्य केलेला जर्मन कैसर, म्हणजे सम्राट. आणि सातवा खुद्द बार्बारोसा! त्याला सगळं जग फ्रेडरिक पहिला म्हणून ओळखतं. पण सम्राट होण्याआधी तो श्वाबियाचा ड्यूक होता आणि त्या ड्यूकांच्या यादीत त्याचा क्रमांक तिसरा लागतो.

स्पर्धा परीक्षेसाठी जर्मनीचं एकीकरण वाचणारे, इतिहासाचा अनुवाद करणारे, बर्लिन-ड्रेस्डेनला जाऊन पुतळ्याखालची पाटी वाचणारे, अशा सगळ्यांनाच हा घोळ गाठतो. फ्रेडरिकवर उलगडा जमला की हेन्री, लुई, विल्यम हेही त्याच रीतीने सुटतात.

पायरी १ : नाव बाजूला ठेवा, आधी साल पकडा

वाक्यात नाव कितीही ठळक दिसलं तरी पहिल्यांदा साल शोधायचं. साल नसेल तर काळ सांगणारी खूण शोधायची. धर्मयुद्ध आणि पोपशी भांडण असेल तर बाराव्या-तेराव्या शतकात बघा. ल्यूथर असेल तर सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध, नेपोलियन असेल तर १८०० च्या मागेपुढे, बिस्मार्क असेल तर १८६२ ते १८९०.

तीन सालं मात्र पाठच असलेली बरी. १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य विसर्जित झालं. त्याआधी एक निवडून आलेला सम्राट आणि त्याच्या छत्राखाली शेकडो लहानमोठी राज्यं, असा मामला होता. १८७१ मध्ये व्हर्सायला नवं जर्मन साम्राज्य जाहीर झालं. १९१८ मध्ये सगळ्याच जर्मन गाद्या गेल्या. म्हणून १८७१ नंतरचा ‘जर्मन कैसर’ असेल तर काम फारच सोपं: विल्हेल्म पहिला, फ्रेडरिक तिसरा, विल्हेल्म दुसरा, एवढे तिघंच. तिघंही १८८८ या एकाच वर्षात गादीवर होते. ९ मार्चला आजोबा गेले, १५ जूनला घशाच्या कर्करोगाने मुलगा गेला आणि नातू कैसर झाला. उलट १८०६ ते १८७१ या काळात कुणी ‘जर्मन सम्राट’ लिहिलेलं दिसलं तर लेखकाकडेच संशयाने बघावं. त्या काळात सम्राट होता तो ऑस्ट्रियाचा.

पायरी २ : गादी कोणती ते ठरवा

सगळ्या गुंत्याची किल्ली इथे आहे. आकडा माणसाला चिकटलेला नसतो, गादीला असतो. सातारचे शाहू आणि कोल्हापूरचे शाहू यांची आपण गल्लत करत नाही, कारण आपण आधी गादी विचारतो. जर्मनीत गाद्यांची संख्या अफाट होती, त्यामुळे तिथे हा प्रश्न अधिकच काटेकोरपणे विचारावा लागतो.

एकाच माणसाकडे अनेक गाद्या असत. होहेनश्टाउफेन घराण्याचा फ्रेडरिक दुसरा (११९४–१२५०) साम्राज्याच्या यादीत दुसरा, पण सिसिलीच्या राजांच्या यादीत पहिला. शिवाय काही वर्षं तो जेरुसलेमचाही राजा होता. तीनशे वर्षांनंतरचा हाब्सबुर्ग चार्ल्स साम्राज्यात पाचवा आणि स्पेनमध्ये पहिला. पॅलाटिनेटचा इलेक्टर फ्रेडरिक पाचवा १६१९ मध्ये बोहेमियाचा राजा झाला, तिथे तो पहिला ठरला आणि ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागजवळच्या ‘पांढऱ्या डोंगरा’च्या लढाईनंतर पळाला. एकच हिवाळा टिकला म्हणून त्याला ‘हिवाळी राजा’ म्हणतात. ही कुचेष्टा त्याला कायमची चिकटली, पण ओळख पटवायला फार उपयोगी आहे.

साम्राज्याच्या गादीबाबत आणखी एक बारकावा आहे. आधी जर्मन राजा म्हणून निवड होई, मग रोमला जाऊन पोपकडून सम्राटपदाचा मुकुट मिळे. काहींना तो मिळालाच नाही. म्हणून बार्बारोसासाठी एका पुस्तकात ११५२ आणि दुसऱ्यात ११५५ दिसलं तर दोन्ही बरोबर आहेत. पहिलं साल राजा झाल्याचं, दुसरं सम्राट झाल्याचं. क्रमांक मात्र राजांच्या यादीने चालतो. हेन्री पहिला (९१९–९३६) कधीच सम्राट झाला नाही, तरी त्याच्या नंतरचा, १०१४ मध्ये सम्राट झालेला हेन्री ‘दुसरा’च म्हणवला जातो.

आता १८८८ च्या कैसरकडे बघा. तो ‘तिसरा’ कसा? नव्या साम्राज्यात त्याच्या नावाचा आधी कुणीच नव्हता, म्हणजे खरं तर तो पहिला व्हायला हवा. जुन्या पवित्र रोमन साम्राज्याची मालिका पुढे न्यायची तर तो चौथा; त्याच्या मनात तेच होतं असं सांगतात, पण बिस्मार्कला ते मान्य नव्हतं. शेवटी प्रशियाच्या राजांची मोजणी धरली गेली. तिथे दोन फ्रेडरिक होऊन गेले होते, म्हणून हा तिसरा. त्याच्या साम्राज्याच्या गादीवर बसलेला आकडा प्रत्यक्षात प्रशियाच्या गादीचा आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं अर्धं काम झालं.

पायरी ३ : गादीला बढती मिळाली का ते बघा

ड्यूकचा राजा झाला, इलेक्टरचा राजा झाला, की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. माणूस तोच, आकडा नवा. हे दोन सालांच्या आसपास मोठ्या प्रमाणात घडलं आहे.

पहिलं १७०१. त्या वर्षी १८ जानेवारीला ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक तिसरा याने क्योनिग्सबेर्गमध्ये स्वतःच्या हाताने मुकुट घातला आणि तो प्रशियाचा राजा फ्रेडरिक पहिला झाला. (बरोबर १७० वर्षांनी त्याच तारखेला व्हर्सायला साम्राज्याची घोषणा झाली.) त्याचा बाप फ्रेडरिक विल्यम इतिहासात ‘महान इलेक्टर’ म्हणून ओळखला जातो, पण राजांची मोजणी नव्याने सुरू झाल्यामुळे ‘फ्रेडरिक विल्यम पहिला’ हा क्रमांक मिळाला त्याच्या नातवाला.

दुसरं १८०६. नेपोलियनच्या कृपेने एकामागून एक राज्यांचा दर्जा वाढला. व्युर्टेंबर्गचा ड्यूक फ्रेडरिक दुसरा १८०३ मध्ये इलेक्टर झाला आणि १ जानेवारी १८०६ पासून राजा फ्रेडरिक पहिला. त्याच दिवशी बव्हेरियाचा माक्सिमिलियान चौथा योझेफ हा माक्सिमिलियान पहिला झाला. ऑस्ट्रियाच्या फ्रान्सिसने तर १८०४ मध्येच ऑस्ट्रियाचा सम्राट म्हणून स्वतःला ‘पहिला’ करून घेतलं होतं. दोन वर्षं तो एकाच वेळी जुन्या साम्राज्याचा दुसरा आणि नव्याचा पहिला होता.

सगळ्यात मोठी खिचडी सॅक्सनीत आहे, आणि ड्रेस्डेनला जाणाऱ्या प्रत्येकाला ती भोवते. तिथे ‘फ्रेडरिक ऑगस्ट’ हे जोडनाव आहे. इलेक्टर म्हणून तीन झाले: पहिला (१६९४–१७३३), दुसरा (१७३३–१७६३), तिसरा (१७६३ पासून). हा तिसरा १८०६ मध्ये राजा झाला आणि पुन्हा ‘पहिला’ ठरला. मग राजा फ्रेडरिक ऑगस्ट दुसरा (१८३६–१८५४) आणि शेवटचा राजा फ्रेडरिक ऑगस्ट तिसरा (१९०४–१९१८). म्हणजे पाच माणसं, सहा उपाध्या, आणि प्रत्येक आकडा दोनदा. यात भर म्हणून पहिल्या दोघा इलेक्टरांना पोलंडचं राजेपद मिळालं आणि तिथे ते ऑगस्ट दुसरा आणि ऑगस्ट तिसरा झाले. पोलंडचा ऑगस्ट दुसरा म्हणजेच ‘ऑगस्ट द स्ट्राँग’, म्हणजेच सॅक्सनीचा फ्रेडरिक ऑगस्ट पहिला. इथे ‘इलेक्टर’, ‘राजा’ किंवा ‘पोलंडचा’ हा शब्द जवळ नसेल, तर नुसत्या आकड्यावर एक पाऊलही पुढे टाकू नये. ड्रेस्डेनच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या फरशांच्या भित्तिचित्रात या घराण्याचे राज्यकर्ते घोड्यांवरून ओळीने चाललेले आहेत आणि त्यांची नावंही लिहिलेली आहेत. ते चित्र समोर ठेवून हा क्रम पक्का करता येतो. शेवटचा राजा मात्र त्यात शोधू नका, तो नाही.

पायरी ४ : जोडनाव तोडू नका

प्रशियात ‘फ्रेडरिक’ आणि ‘फ्रेडरिक विल्यम’ ही दोन स्वतंत्र नावं आहेत आणि त्यांची मोजणी वेगवेगळी चालते. आळसाने अर्धं नाव गाळणं ही या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक असावी. राजांचा क्रम असा:

फ्रेडरिक पहिला (१७०१–१७१३)
फ्रेडरिक विल्यम पहिला (१७१३–१७४०), उंच शिपायांचं वेड असलेला ‘शिपाई राजा’
फ्रेडरिक दुसरा (१७४०–१७८६), म्हणजे ‘फ्रेडरिक द ग्रेट’
फ्रेडरिक विल्यम दुसरा (१७८६–१७९७)
फ्रेडरिक विल्यम तिसरा (१७९७–१८४०), १८०६ ला येना इथे ज्याच्या सैन्याचा नेपोलियनने धुव्वा उडवला तो
फ्रेडरिक विल्यम चौथा (१८४०–१८६१)
विल्हेल्म पहिला (१८६१–१८८८), मग वर सांगितलेले फ्रेडरिक तिसरा आणि विल्हेल्म दुसरा

यादी एकदा वहीत उतरवून घ्या. परीक्षेतले प्रश्न बहुतेक याच नऊ जणांभोवती फिरतात.

आणखी एक खूण: १७७२ पर्यंत हे राजे स्वतःला ‘प्रशियातला राजा’ म्हणवत, ‘प्रशियाचा राजा’ नव्हे, कारण प्रशियाचा पश्चिम भाग पोलंडच्या ताब्यात होता. जुन्या दस्तऐवजात उपाधी ‘प्रशियातला’ अशी असेल तर तो १७७२ च्या आधीचा, म्हणजे पहिल्या तिघांपैकीच कुणीतरी.

पायरी ५ : तेच नाव दुसऱ्या भाषेत ओळखा

मराठीत ही नावं इंग्रजीतून आली म्हणून आपण फ्रेडरिक, हेन्री, लुई, विल्यम म्हणतो. जर्मनीतल्या पाटीवर मात्र फ्रीडरिश, हाइनरिश, लुडविग, विल्हेल्म असणार. पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये तोच फ्रीडरिश फेडेरिको होतो, कोपनहेगनमध्ये फ्रेडेरिक. इंटरनेटवर शोधताना किमान दोन रूपं वापरून बघावीत. इंग्रजीत ‘फ्रेडरिक दुसरा’ शोधलं तर प्रशियाचा पहिल्यांदा पुढे येतो, इटालियन रूप टाकलं तर लगेच सिसिलीचा.

लुडविग आणि लुई यांच्यात तर मोजणीची सुरुवातच सामाईक आहे. शार्लमेनचा मुलगा, ८१४ ते ८४० राज्य केलेला लुडविग ‘धर्मनिष्ठ’, हा फ्रेंच यादीतही पहिला आणि जर्मन यादीतही पहिला. त्याच्या नंतर ८४३ च्या व्हेर्दूंच्या तहाने राज्य वाटलं गेलं आणि दोन्ही याद्या वेगळ्या वाटांनी गेल्या. फ्रान्सची यादी अठरापर्यंत पोहोचली. जर्मन साम्राज्याची चौथ्या लुडविगवर, बव्हेरियाच्या लुडविगवर (मृत्यू १३४७), थांबली. बव्हेरियाच्या राजांनी मग स्वतःची तिसरीच मोजणी केली. नॉयश्वानस्टाइनचा परीकथेतला राजवाडा बांधणारा आणि १३ जून १८८६ ला तळ्यात मृतावस्थेत सापडलेला लुडविग दुसरा त्यातला. त्याचे आजोबा लुडविग पहिले यांच्या १८१० मधल्या लग्नसोहळ्यातून म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला.

डेन्मार्कचे फ्रेडरिकही लक्षात असू द्यावेत, कारण ते ओल्डेनबुर्ग या मूळच्या जर्मन घराण्याचे आणि भारताच्या इतिहासात त्यांचंच नाव जास्त भेटतं. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला १७०६ मध्ये पोहोचलेल्या धर्मप्रसारकांना पाठवणारा फ्रेडरिक चौथा. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला डॅनिश अमलात फ्रेडरिक्सनगर हे नाव मिळालं ते फ्रेडरिक पाचव्यावरून. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली याच गावात छापलं गेलं. तेव्हा जुन्या मराठी मुद्रणाच्या संदर्भात हे गावाचं नाव दिसलं तर प्रशियाकडे वळू नका.

पायरी ६ : टोपणनावाचा आधार घ्या, पण जपून

बार्बारोसा म्हणजे तांबड्या दाढीचा, ‘शहाणा’ म्हणजे सॅक्सनीचा, ‘देखणा’ म्हणजे चौदाव्या शतकातला हाब्सबुर्ग फ्रेडरिक, ‘ग्रेट’ म्हणजे प्रशियाचा. टोपणनाव आकड्यापेक्षा भरवशाचं असतं, हे माझं मत. पण आख्यायिकेच्या बाबतीत हा भरवसा डळमळतो.

थ्युरिंगियातल्या किफहॉयझर डोंगराच्या पोटात सम्राट फ्रेडरिक झोपला आहे आणि देशावर वेळ आली की तो उठेल, अशी दंतकथा आहे. आज कुणालाही विचारा, झोपलेला म्हणजे बार्बारोसा असंच उत्तर येईल. पण ही कथा मुळात त्याच्या नातवाची, फ्रेडरिक दुसऱ्याची. १२५० मध्ये इटलीत तो वारल्यावर त्याच्या मृत्यूवर लोकांचा विश्वास बसेना. तो परत येईल ही आशा पसरली, तोतयेही निघाले. पुढे काही शतकांत तीच कथा सरकत सरकत आजोबाच्या दाढीला जाऊन चिकटली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादाने ती पक्की केली. १८९६ साली त्या डोंगरावर उभारलेल्या स्मारकात खाली जागा होणारा बार्बारोसा आणि वर घोड्यावर विल्हेल्म पहिला आहे. तेव्हा ‘डोंगरात झोपलेला फ्रेडरिक’ मध्ययुगीन मजकुरात आला तर नातू, एकोणिसाव्या शतकातल्या कवितेत आला तर आजोबा. दोघांचा मृत्यू आठवला तर गल्लत होणार नाही: आजोबा १० जून ११९० ला तिसऱ्या धर्मयुद्धाच्या वाटेवर, आजच्या तुर्कस्तानातल्या नदीत बुडाला.

पायरी ७ : कंसातले आणि वादातले

जर्मन पुस्तकांत ‘हाइनरिश (सातवा)’ असं आकडा कंसात टाकून लिहिलेलं दिसेल. ती छपाईची चूक नाही. फ्रेडरिक दुसऱ्याने आपल्या मुलाला हयातीतच राजा केलं, पुढे मुलाने बंड केलं आणि १२३५ मध्ये बापाने त्याला पदच्युत केलं. त्याला मोजायचं की नाही, या पेचातून कंस आला. बिनकंसाचा हाइनरिश सातवा म्हणजे १३१२ मध्ये सम्राट झालेला लुक्सेंबुर्ग घराण्याचा.

प्रतिराजांचंही असंच. १३१४ मध्ये दोन गटांनी दोन राजे निवडले: लुडविग आणि देखणा फ्रेडरिक. त्या फ्रेडरिकला मोजणारे पुढच्या हाब्सबुर्ग फ्रेडरिकला चौथा म्हणतात, न मोजणारे तिसरा. वर त्याच माणसाचा ऑस्ट्रियाच्या ड्यूकांतला क्रमांक पाचवा! अशा वेळी आकडा सोडून साल धरा: राजा १४४०, सम्राट १४५२, मृत्यू १४९३.

रॉइसचे हाइनरिश: इथे सगळे नियम गुंडाळून ठेवा

पूर्व थ्युरिंगियातल्या रॉइस घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. थोरला, मधला, धाकटा, सगळेच. सम्राट हाइनरिश सहाव्याच्या स्मरणार्थ ही प्रथा पडली असं घराणं सांगतं. आकडा गादीचा नाही, जन्माचा. राज्य न केलेल्यालाही आणि तान्हेपणी गेलेल्यालाही तो मिळतो. ग्राइत्सच्या थोरल्या पातीत शंभरपर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरुवात करायची, गेराच्या धाकट्या पातीत शतक बदललं की नव्याने मोजायचं. परिणाम बघा: धाकट्या पातीत १८५४ ते १८६७ राज्य केलं हाइनरिश सदुसष्टाव्याने, आणि त्याच्या मागून आला त्याचा मुलगा, हाइनरिश चौदावा. त्याच्यानंतर हाइनरिश सत्ताविसावा. इथे आकड्यावरून आधीचा-नंतरचा ठरवायला गेलात तर फसलात. पाती कोणती आणि जन्मसाल काय, एवढंच विचारायचं.

पायरी ८ : वस्तू, पत्नी आणि कबर यांच्याकडून खात्री

१८८८ ची नाणी यासाठी छान सराव आहेत. फ्रेडरिक तिसऱ्याच्या नाण्यावर नाव आहे, आकडा नाही. आकडा नसलेला विल्हेल्म म्हणजे पहिला. दुसऱ्याने स्वतःचा आकडा कोरला. इमारतीवर लॅटिनमध्ये ‘फ्रिडेरिकुस रेक्स’ दिसलं आणि इमारत बर्लिनच्या जुन्या ऑपेरासारखी १७४० च्या दशकातली असेल, तर तो ग्रेट. ऑस्ट्रियातल्या इमारतीवर रोमन लिपीतले पाच स्वर, ए-ई-आय-ओ-यू, असे ओळीने कोरलेले असतील तर तो पंधराव्या शतकातला हाब्सबुर्ग. या अक्षरांचे अर्थ लावण्यात लोकांनी बरीच शाई खर्च केली आहे.

पत्नीही कामी येते. १८८८ च्या कैसरची पत्नी व्हिक्टोरिया ही राणी व्हिक्टोरियाची थोरली मुलगी. मायलेकींचं नाव एकच असल्याने इथेही सावध राहा. मुंबईच्या जुन्या ‘व्हीटी’ला नाव दिलं ते आईचं.

कबरी तर निर्णायकच. पालेर्मो असेल तर होहेनश्टाउफेन दुसरा, व्हिएन्नाचं सेंट स्टीफन्स असेल तर हाब्सबुर्ग, पॉट्सडॅमच्या सांसुसी राजवाड्याची गच्ची असेल तर ग्रेट. त्याला हवी तिथे जागा मिळायला १९९१ उजाडलं. त्या थडग्यावर लोक बटाटे ठेवतात, कारण प्रजेला बटाटा लावायला त्याने भाग पाडलं होतं.

मराठीत लिहिताना

नाव, आकडा, गादी आणि राज्यकाळ, हे चारही पहिल्या उल्लेखात द्या: ‘फ्रेडरिक तिसरा, ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (१६८८–१७०१, पुढे प्रशियाचा राजा फ्रेडरिक पहिला)’. नंतर लेखभर एकच रूप वापरा. इंग्रजी वळणाचं ‘फ्रेडरिक’ निवडलं तर शेजारी ‘हाइनरिश’ न लिहिता ‘हेन्री’ लिहा. १८७१ नंतरच्या कैसरना मात्र ‘विल्हेल्म’च ठेवावं, कारण ‘कैसर विल्यम’ मराठी कानाला परकं वाटतं.

आता एक वाक्य सोडवून बघा: ‘फ्रँकफुर्टच्या संसदेने देऊ केलेला राजमुकुट राजा फ्रेडरिकने नाकारला.’ फ्रँकफुर्टची संसद म्हणजे १८४८–४९. त्या वेळी जर्मन सम्राट नाही, म्हणजे मुकुट नवा आहे आणि तो नाकारणारा कुठल्यातरी राज्याचा राजा. संसदेने तो देऊ केला होता प्रशियाच्या राजाला. १८४० ते १८६१ ची ओळ यादीत बघा: फ्रेडरिक विल्यम चौथा. मूळ वाक्यात अर्धं नाव आणि आकडा गाळलेला होता, तो भरून घ्या. याच रीतीने दुसरं वाक्य तुम्ही सोडवा: ‘पोपने बहिष्कृत केलेल्या फ्रेडरिकने इजिप्तच्या सुलतानाशी वाटाघाटी करून १२२९ मध्ये लढाईशिवाय जेरुसलेम मिळवलं.’